‘बरं हाय’ या उत्तराचा अर्थ

(ग्रामीण रुग्णालयांतील बाह्यरुग्ण सेवा या विषयावर सेवाकार्यातील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठवाड्यातील वा विदर्भातील एखाद्या तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात उभे राहावे. केस पेपरच्या खिडकीपुढची रांग व्हरांड्यातून उतरून बाहेरच्या कडुलिंबापर्यंत पोहोचलेली असते. बाजार आणि दवाखाना ही दोन्ही कामे एकाच एसटीच्या भाड्यात उरकावीत, हा त्यामागचा सरळ हिशोब. तापाने फणफणलेले लेकरू कडेवर घेतलेली आई, गुडघे धरून पायरीवर बसलेले म्हातारे, खोकल्याने बेजार झालेला ऊसतोड मजूर असे सारे त्या रांगेत असतात. केस पेपर, मग डॉक्टरांची खोली, मग रक्ताची तपासणी, अहवाल घेऊन पुन्हा डॉक्टर आणि शेवटी औषधांची खिडकी. एवढी सारी स्थानके ओलांडून एखादी आजी गोळ्यांची पट्टी पदराच्या टोकाला बांधत बाहेर पडते, तेव्हा दुपारचे साडेबारा होऊन गेलेले असतात. फाटकाशी कोणी विचारले, ‘‘आजी, समाधान झालं का?’’ तर ती म्हणते, ‘‘बरं हाय की. गोळ्या दिल्या.’’

या ‘बरं हाय’चा अर्थ काय लावायचा, हा आजचा विषय आहे. कागदावर तो ‘समाधानी’ असा नोंदवला जातो. पुढे त्याची टक्केवारी होते, टक्केवारीचा अहवाल होतो आणि त्या अहवालाच्या आधारे रुग्णालयाला गुण मिळतात. आजी मात्र पुढच्या महिन्यात त्या फाटकातून आत येईलच, असे तिच्या ‘बरं हाय’वरून कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आधी या रुग्णालयाचे स्थान लक्षात घेऊ. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला आणि माणसाला त्याच्या गावाजवळ, पैशाअभावी न अडता उपचार मिळावेत, ही कल्पना आपल्या आरोग्यव्यवस्थेत रुजली. त्या कल्पनेतून आज जी उतरंड उभी आहे, तिच्यात खाली उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि साधारणतः चार प्राथमिक केंद्रांवर एक सामुदायिक आरोग्य केंद्र असते. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ वा जनजातीबहुल प्रदेशात ८० हजार लोकसंख्येमागे एक, असा निकष आहे. महाराष्ट्रात याच पायरीला आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतो. तेथे तीस खाटा असाव्यात आणि शल्यचिकित्सक, भिषक्‌, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ असावेत, अशी अपेक्षा असते. अपेक्षा हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. केंद्र सरकारच्याच ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार मार्च २०२२ अखेर देशभरातील ग्रामीण सामुदायिक केंद्रांत गरजेच्या तुलनेत तज्ज्ञांची उणीव सुमारे ८० टक्के होती. म्हणजे पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या.

रिकाम्या खुर्चीचा भार शेजारच्या खुर्चीवर पडतो. समजा, सकाळच्या चार तासांत दोनशे रुग्ण आले आणि दोन वैद्यकीय अधिकारी बसले आहेत. दोघांची मिळून ४८० मिनिटे झाली. रुग्णामागे दोन मिनिटे आणि चोवीस सेकंद. हा कल्पित हिशोब वास्तवापासून फार दूर नाही. जगातील निरनिराळ्या देशांत प्राथमिक उपचारांच्या वेळी डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतात, याचा एक मोठा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनचा आकडा साडेबावीस मिनिटांचा होता, बांगलादेशचा ४८ सेकंदांचा आणि भारताचा दोन मिनिटांच्या आसपासचा. दोन मिनिटांत नाव, वय, ‘काय होतंय’, नाडी, चिठ्ठी आणि ‘चला, पुढचा’ एवढेच मावते. लुगड्याच्या घड्यांत दडवून आणलेले दुखणे त्यात उलगडत नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला आहे आणि तो फार मार्मिक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. परिचारकाच्या गुणांत कौशल्य आणि शुचिता यांच्या बरोबरीने अनुराग, म्हणजे रुग्णाविषयीची आपुलकी, गणली आहे. रोग्याच्या गुणांत ज्ञापकत्व हा एक गुण आहे. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते आहे, हे सांगता येणे. सांगण्याला चिकित्सेच्या पायांमध्ये स्थान देणाऱ्या त्या शास्त्रकाराने ऐकणारा कोणी समोर आहे, हे अर्थातच गृहीत धरले होते. आजचा बाह्यरुग्ण विभाग नेमका त्या गृहीताशीच फारकत घेतो. रुग्ण मुका नसतो. त्याला बोलायला अवकाश नसतो आणि बऱ्याचदा एकान्तही नसतो. डॉक्टरांच्या टेबलाभोवती दहा जण वाकून उभे असताना अंगावरून पांढरे जाते, हे कोणती सून सांगेल? ती ‘कंबर दुखते’ म्हणते आणि कंबरदुखीची गोळी घेऊन जाते. तिलाही फाटकाशी विचारले, तर तीही ‘बरं हाय’च म्हणणार.

हा अंदाज नव्हे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेली पाहणी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधीही तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. उरलेल्या स्त्रियांचे दुखणे कोणत्याही दवाखान्याच्या नोंदवहीत उमटलेले नव्हते. त्या काळी कोणी त्यांच्या ‘समाधाना’चे सर्वेक्षण केले असते, तर तक्रार फारशी निघाली नसती. जी सेवा असू शकते हेच ठाऊक नाही, तिच्याविषयी असमाधान कसे वाटणार?

याच दांपत्याने पुढे रुग्णालय उभारताना गोंड बांधवांना आधी विचारले की, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरे ऐकण्याजोगी होती. तेथील माणसे पांढरे कपडे घालतात, आम्ही तर मृताला पांढऱ्यात गुंडाळतो. रुग्णाला आत घेतात आणि नातलगांना बाहेर काढतात. शिवाय तुमच्या दवाखान्यात देवच नाही. या उत्तरांना अडाणीपणा म्हणून हसण्यावारी न नेता शोधग्राम येथील रुग्णालयाची रचना त्यांच्या वस्तीसारखी, झोपड्यांची करण्यात आली, आप्तांना राहायला जागा ठेवली गेली आणि रुग्णालयाला दंतेश्वरी मातेचे नाव दिले गेले. त्याच जिल्ह्यात हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून जे काम केले, त्यात माडिया बोली आत्मसात करणे हा उपचाराचाच भाग होता. रुग्णाच्या भाषेत प्रश्न विचारल्याखेरीज चरकांचे ज्ञापकत्व प्रकट होत नाही, हे तेथे प्रत्यक्ष अनुभवास आले.

सरकारी यंत्रणा रुग्णाचे मत विचारतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय गुणवत्ता मानकांमध्ये रुग्णसमाधानाचे सर्वेक्षण समाविष्ट आहे. २०१६ मध्ये केंद्राने ‘मेरा अस्पताल’ ही योजना सुरू केली. रुग्णालयातून गेलेल्या रुग्णाला संदेश वा दूरध्वनी करून समाधान झाले का, आणि नसल्यास कारण कोणते, कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च की उपचारांचा दर्जा, असे विचारण्याची ती सोय. हेतू चांगला आहे. अडचण व्यवहारातली आहे. खेड्यातील आजीच्या केस पेपरवर लिहिलेला मोबाइल क्रमांक बहुधा मुलाचा असतो आणि मुलगा पुण्याला किंवा सुरतेला कामावर असतो. संदेश त्याला जातो. रांगेत कोण उभे होते, हे त्याला कुठून कळणार?

आवारात उभे राहून प्रश्नावली भरून घेण्याची रीतही सदोष आहे. विचारणारा त्याच रुग्णालयाचा कर्मचारी असतो, त्याच्या गळ्यात ओळखपत्र असते आणि रुग्णाच्या हातात त्याच रुग्णालयाने दिलेल्या गोळ्या असतात. पुढच्या खेपेला याच माणसाकडे यायचे आहे, हे रुग्ण विसरत नाही. त्यातच आपल्या समाजाचा स्वभाव. आहे त्यात समाधान मानावे, हा संस्कार संतांनी शतकानुशतके घरोघर पोहोचवला. संसाराच्या ओढग्रस्तीत तो माणसाला तारून नेतो. रुग्णालयाची प्रश्नावली भरताना मात्र तोच आड येतो. फुकट मिळालेल्या वस्तूला नावे ठेवू नयेत, ही सभ्यता ग्रामीण माणसात अजून शिल्लक आहे. सरकारी दवाखाना फुकट नसून तो आपल्याच करातून चालतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणूनच तोंडी उत्तरापेक्षा पावले कुठे वळतात, ते पाहावे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील फेरीत ग्रामीण भागातील आजारपणांच्या उपचारांसाठी सुमारे ३३ टक्के वेळा शासकीय रुग्णालयाची, तर सुमारे ४१ टक्के वेळा खासगी डॉक्टरची वाट धरली गेल्याचे दिसले. खासगी रुग्णालयांचा वाटा आणखी २१ टक्क्यांचा. पदरमोड करून जाणारी ही माणसे श्रीमंत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक कुटुंबांनी आजारपणात शासकीय सेवा सहसा घेत नसल्याचे सांगितले. कारणे विचारली, तेव्हा ४८ टक्क्यांनी सेवेचा दर्जा, ४५ टक्क्यांनी जवळ केंद्र नसणे आणि ४१ टक्क्यांनी ताटकळणे ही कारणे दिली. येथे लोक मोकळेपणाने बोलले, कारण प्रश्न त्यांच्या घरी, रुग्णालयाच्या फाटकापासून दूर विचारला गेला होता.

खासगी दवाखान्यात त्यांना काय मिळते? पुष्कळदा औषध तेच असते. परंतु तेथे ‘‘या मावशी, बसा’’ म्हणून खुर्ची मिळते, छातीला नळी लागते, ‘‘जेवण जातंय का?’’ अशी विचारपूस होते. मध्य प्रदेशाच्या ग्रामीण भागात संशोधकांनी प्रशिक्षित व्यक्तींना रुग्णांच्या वेषात डॉक्टरांकडे धाडले. तोच डॉक्टर शासकीय केंद्रात आणि स्वतःच्या खासगी दवाखान्यात कसा वागतो, हे त्यातून ताडून पाहता आले. स्वतःच्या दवाखान्यात तो अधिक प्रश्न विचारतो, अधिक तपासतो, असा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. पदवी तीच, माणूस तोच. खुर्ची बदलली की कान बदलतात, हे वाचून कोणालाही खंत वाटावी.

तथापि रुग्णाच्या समाधानालाच देव मानले, तर वेगळा अनर्थ ओढवतो. ‘सुई’ टोचली नाही तर डॉक्टरने काही केलेच नाही, असे मानणारा वर्ग मोठा आहे. साध्या विषाणुजन्य तापाला सलाईन लावून देणाऱ्या दवाखान्यातून माणूस तृप्त होऊन घरी जातो. शास्त्राप्रमाणे ‘‘पाणी भरपूर प्या, तीन दिवसांनी दाखवा’’ सांगणारा शासकीय डॉक्टर त्याच्या लेखी निष्काळजी ठरतो. प्रतिजैविके मिठाईसारखी वाटणाऱ्याला रुग्ण सर्वाधिक गुण देतील. त्यामुळे रुग्णसमाधान आणि सेवेचा दर्जा यांची गल्लत होता कामा नये. ‘मनासारखे झाले का’ या प्रश्नापेक्षा ‘तुमचे ऐकून घेतले का, आजार काय आहे ते सांगितले का, गोळी कशी आणि किती दिवस घ्यायची हे समजले का, सगळ्या गोळ्या येथेच मिळाल्या का’ असे प्रश्न विचारले, तर उत्तरे अधिक खरी येतील.

शेवटचा प्रश्न औषधांचा आणि तो जिव्हाळ्याचा आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा निःशुल्क करण्यात आल्या. केस पेपरचे पैसे गेले, हे स्वागतार्हच. पण चार औषधांपैकी दोन ‘बाहेरून घ्या’ म्हणून चिठ्ठी हाती पडली, तर निःशुल्क या शब्दाला अर्थ उरत नाही. तामिळनाडूने १९९४ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापून औषध खरेदी आणि पुरवठ्याची घडी बसवली, राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना चालू केली आणि तेथील शासकीय दवाखान्यांतील बाह्यरुग्णांची गर्दी वाढली. रांग वाढणे हीही एक प्रकारची पावतीच असते.

डॉक्टरांची बाजू मांडल्यावाचून हा विषय एकांगी राहील. ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याला बाह्यरुग्ण तपासता तपासता अपघाताचा रुग्ण पाहावा लागतो, शवविच्छेदन करावे लागते, न्यायालयात साक्षीला जावे लागते, शिबिरे आणि अहवाल वेगळेच. निवासस्थान गळके, मुलांच्या शाळेची पंचाईत. त्यात एखाद्या रुग्णाचे बरेवाईट झाले की जमाव अंगावर येतो. २०१० मध्ये राज्याला डॉक्टरांवरील हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, ही समाजाला भूषणावह गोष्ट नाही. दोनशे रुग्णांमागे दोन माणसे बसवायची आणि वर आपुलकीची अपेक्षा ठेवायची, यात व्यवस्थेचाच दोष अधिक आहे.

मग करता काय येते? आपल्याच राज्यातील दोन उदाहरणे आहेत. पहिले लोकाधारित देखरेखीचे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या अंतर्गत २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत तिचा प्रारंभ झाला. गावकऱ्यांनीच आपल्या आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे, अशी ही पद्धत. रुग्णालयाच्या फाटकाशी ‘बरं हाय’ म्हणणारी माणसे तेथे गावाच्या बळावर उभी राहून बोलू लागली. एकट्याला जे बोलवत नाही, ते चारचौघांच्या साक्षीने बोलवते, हा ग्रामसभेचा जुनाच अनुभव आहे.

दुसरे उदाहरण उच्च रक्तदाबाचे. या आजारात फाटकाशी दिलेल्या उत्तराला काडीची किंमत नसते, कारण रुग्णाला काही दुखतच नसते. खरी परीक्षा तो पुढल्या महिन्यात येतो की नाही, ही. नोव्हेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. प्रत्येक रुग्णाचे स्वतंत्र कार्ड, ठरलेली साधी औषधयोजना, आठ-दहा दिवसांच्या ऐवजी महिन्याच्या गोळ्या एकदम आणि पुढे त्या गोळ्या गावाजवळच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात, म्हणजे २०२३ नंतरच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मिळण्याची सोय. न आलेल्या रुग्णाचा शोध घेणे हे त्यात रुग्णालयाचे काम मानले गेले. ‘रुग्ण बेफिकीर आहे’ हा सोपा शेरा मारून मोकळे होण्याची वाट त्यामुळे बंद झाली. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर पुरस्कार मिळाला. पण त्याहून महत्त्वाचे हे की, दर तिमाहीला किती जणांचा दाब खरोखर आटोक्यात आला, हे त्यात मोजले जाते.

येथे बसलेल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांचा रुग्णालयांशी नित्य संबंध येतो. फळवाटप चांगलेच, परंतु बाजाराच्या दिवशी दोन जणांनी औषधांच्या खिडकीजवळ उभे राहून अक्षर न येणाऱ्या माणसाला सकाळची गोळी कोणती आणि रात्रीची कोणती हे समजावून सांगितले, तर ती सेवा अधिक मोलाची. स्त्री रुग्णांसाठी तपासणीच्या खोलीला एक पडदा आणि दाराशी एक ताई, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत तो विषय लावून धरता येतो. आणि रुग्णालयाची संमती घेऊन रक्तदाबाच्या रुग्णांच्या यादीतून गेल्या महिन्यात कोण आले नाही, एवढे पाहावे. मग त्यांच्या घरी जावे.

ती बाजाराच्या दिवशीची आजी त्या यादीत असेल. तिच्या ओट्यावर बसून, चहाचा कप हाती घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारावा. आता ती ‘बरं हाय’ म्हणत नाही. ‘‘बाबा, सकाळची यष्टी बंद झाली. रिक्षाला पैसं कुठलं? गोळ्या दहा रोजाच्याच दिल्या. आन्‌ तिथं त्यो डाक्टर वर तोंड करून बघत बी न्हाय, म्या काय सांगू त्याला?’’ आजीचा डावा हात गेल्या आठवड्यापासून मधूनच बधिर होतो, हेही ती त्याच ओट्यावर, सहज बोलता बोलता सांगून जाते.